कर्बवायू वाढला तर माळ गवताचा राहील का?

कार्बन डायऑक्साइड म्हणजे कर्बवायू हे झाडांचं अन्न, तेव्हा तो वाढला की हिरवाई वाढणारच, असं सर्रास ऐकू येतं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर हा हिशेब इतका सरळ लागत नाही.

पावसाळा सरता सरता तिथलं कुसळी गवत कुसळं धरतं. कुसळाला पीळ असतो. ओल लागली की तो सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो आणि या फिरण्यातच बी मातीत शिरतं. कुसळी, मारवेल आणि आपली शाळू ज्वारीसुद्धा सी-४ गटातली. या वनस्पती कर्बवायू आधी धरून पानाच्या आतल्या पेशींत कोंडतात. कर्बवायूपासून साखर बनवायला सुरुवात करणाऱ्या रुबिस्को या विकराला तिथे तो भरपूर मिळतोच, त्यामुळे हवेतला वाढला तरी त्यांना थेट फायदा थोडाच. बाभूळ, हिवर, बोर, तरवड मात्र सी-३ गटातले. त्यांचा रुबिस्को कर्बवायूऐवजी ऑक्सिजनही पकडतो आणि कमाई वाया जाते. कर्बवायू वाढला की ही गळती घटते, म्हणजे फायदा गवतापेक्षा या झाडाझुडपांना जास्त. 1958 साली हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू झाली तेव्हा हवेत दहा लाखांत सुमारे 315 भाग कर्बवायू होता. आज तो 420 च्या वर आहे.

पानातल्या या देवघेवीचं गणित ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ ग्रॅहम फार्क्वार आणि सहकाऱ्यांनी 1980 साली मांडलं. वनस्पतींच्या वाढीचा अंदाज बांधणारी आजची बहुतेक प्रारूपं (मॉडेल्स) त्यावरच उभी आहेत. पण सोलापुरात खरा प्रश्न पाण्याचा आहे. कर्बवायू जास्त असला की दोन्ही गटांची पर्णरंध्रं थोडी मिटतात, पाणी कमी उडतं, जमिनीत ओल टिकते. ती ओल वरच्या थरातलं गवत पिणार की खोल मुळांची बाभूळ? मुरमाड जमिनीत मातीची खोली हातभर बदलली तरी उत्तर बदलू शकतं. चराई आणि वणवा धरला नाही, तर प्रारूप भलतंच सांगेल.

नुसत्या सिद्धांतावर विसंबणंही धोक्याचं. अमेरिकेतल्या मिनेसोटात गवताळ वाफ्यांवर वीस वर्षं जादा कर्बवायू सोडला. पहिली बारा वर्षं अपेक्षेप्रमाणे सी-३ गवतं जास्त वाढली; पुढे चित्र उलटलं आणि सी-४ सरस ठरली. जमिनीतल्या नत्राचा पुरवठा दोन्हीकडे वेगळा बदलत गेला होता. बाभळीच्या मुळांवर नत्र बांधणाऱ्या गाठी असतात, म्हणून आपल्याकडे हा मुद्दा जास्तच महत्त्वाचा.

माळढोक पक्ष्याला मोकळा माळ लागतो, काटेरी रान नाही. त्यामुळे परक्या जंगलाचे आकडे इथल्या प्रारूपात भरून भागणार नाही. कुसळीच्या पानातलं नत्र, मुरमातली ओल आणि मेंढ्यांची चराई याच माळावर वर्षानुवर्षं मोजायला हवी, आणि ती मोजणी आत्ताच सुरू व्हायला हवी.