स्नॅपर गरवणे

स्नॅपर गरवणे : अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात ब्लूफिश या माशाची त्याच वर्षी जन्मलेली पिल्ले काठावरून गळाने पकडण्याची रीत. न्यू जर्सी, न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंड, कनेटिकट, ऱ्होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्सचा दक्षिण किनारा हा तिचा मुख्य टापू. वीतभर लांबीच्या या पिल्लाला तिकडे ‘स्नॅपर’ म्हणतात. आपल्या तांबोशीच्या कुळालाही इंग्रजीत स्नॅपरच म्हणतात, पण नावापलीकडे या दोघांचे काही नाते नाही. ब्लूफिशचे शास्त्रीय नाव पोमॅटोमस सॅल्टॅट्रिक्स. पोमॅटोमिडी या कुलात आज हयात असलेली ही एकच जाती आहे.

एकाच माशाला वाढीच्या टप्प्यांनुसार निरनिराळी नावे देण्याची पद्धत कोळ्यांत सगळीकडे आढळते. अमेरिकेत साधारण २५ सेंटीमीटरपर्यंतचा तो स्नॅपर, त्याहून थोडा मोठा झाला की ‘कॉकटेल’, आणि मोठ्या, जबडा वाजवणाऱ्या माशाला ‘चॉपर’. हाच मासा तुर्कस्तानात बॉस्फरसच्या सामुद्रधुनीतही येतो, आणि तिथे नामावळी आणखी लांब आहे : तमालपत्राएवढा असताना ‘देफ्ने यापराउ’, म्हणजे शब्दशः तमालपत्रच, मग ‘चिनेकोप’, ‘सारीकनात’, ‘ल्युफेर’ आणि शेवटी ‘कोफाना’. ऑस्ट्रेलियात त्याला टेलर म्हणतात; दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताळ प्रांताच्या बाजूला शॅड आणि केपच्या बाजूला एल्फ. जिथे हा मासा काठाजवळ येतो तिथे माणसांनी त्याला जवळून पाहिले आहे, हे या नावांवरूनच कळते.

गरवण्याचा हंगाम नेमका उन्हाळा सरताना का येतो, याचे उत्तर माशाच्या जन्मवेळेत आहे. ब्लूफिशची एक वीण वसंतात होते. फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलायनातले केप हॅटरस हे भूशिर यांच्या दरम्यान, उथळ समुद्र संपून खोल पाणी सुरू होते त्या कडेला, गल्फ स्ट्रीम या उष्ण प्रवाहाच्या लगत मादी अंडी सोडते. अंडी आणि त्यांतून निघालेले बारीक जीव प्रवाहाबरोबर शेकडो किलोमीटर उत्तरेकडे वाहत येतात. दोनेक महिन्यांची, ५-६ सेंटीमीटरची झालेली पिल्ले जूनमध्ये किनारा गाठतात आणि खाड्यांत शिरतात. खाडीत पाणी कोमट आणि खाणे मुबलक असते. पिल्लू दिवसाला १ मिलिमीटरहून अधिक वाढते, चांगल्या दिवसांत जवळजवळ दुप्पट. जूनमध्ये बोटाएवढा असलेला मासा ऑगस्ट संपताना १५ ते २० सेंटीमीटरचा होतो. जुलैत तो गळाला लागण्याजोगा नसतो, ऑक्टोबरात तो निघून गेलेला असतो. मधले सहा-आठ आठवडे तेवढे आपले.

दुसरी वीण उन्हाळ्यात, न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या समोरच्या समुद्रात होते आणि तिची पिल्ले ऑगस्टच्या सुमारास काठाला येतात. म्हणून सप्टेंबरात एकाच धक्क्यावर, एकाच गळाला आधी पंजाएवढा आणि मागोमाग जेमतेम चार बोटांचा मासा लागतो. छोटा हा मोठ्याचा खुरटलेला भाऊ नसतो. तो दुसऱ्याच विणीचा, काही महिन्यांनी मागून जन्मलेला असतो. तो सोडून द्यावा.

इतक्या वेगाने वाढायचे तर इतक्याच वेगाने खावे लागते, आणि ब्लूफिशच्या खादाडपणाबद्दल जे सांगितले जाते त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. ५-६ सेंटीमीटरपासूनच तो कोळंबीसारखे बारीक जीव सोडून माशांकडे वळतो. सिल्व्हरसाइड या चंदेरी पट्ट्याच्या बारीक माशाचे थवे, खाडीतली अँचोव्ही, मेनहेडन या तारलीच्या नातलगाची पिल्ले हे त्याचे नेहमीचे खाद्य. हडसन नदीच्या मुखाशी तो स्ट्राइप्ड बास या मोलाच्या माशाची पिल्लेही फस्त करतो. दात त्रिकोणी, धारदार आणि एका ओळीत. भक्ष्य मावण्यासारखे नसेल तर शेपटीकडून तोडून घेतो. भूक असली की आपल्याच जातीची लहान पिल्लेही त्याला चालतात. गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने या स्वभावाचा अर्थ सरळ आहे : हा मासा लाजत नाही, हुंगत बसत नाही, हलणाऱ्या चकचकीत गोष्टीवर तुटून पडतो. पहिल्यांदा काठी हातात घेतलेल्या सहा वर्षांच्या मुलालाही तो मिळतो. किनाऱ्यावरच्या इतर कुठल्याही माशाबद्दल इतक्या खात्रीने हे म्हणता येत नाही, आणि या रीतीचे खरे मोल त्यातच आहे.

जागा साधी लागते. होडी नको, भरसमुद्रही नको. धक्का, छोटी जेटी, खाडीवरचा पूल, होड्या बांधायच्या खुंटांची रांग, दगडी बांध. जिथे दोन-तीन हात पाणी आहे आणि बारीक मासळीला आडोसा आहे तिथे स्नॅपर येतो. लाँग आयलंडच्या दक्षिणेला ग्रेट साउथ बे, उत्तरेला लाँग आयलंड साउंडवरची (साउंड म्हणजे बेट आणि मुख्य भूमी यांमधला समुद्राचा पट्टा) पोर्ट जेफरसन आणि हंटिंग्टनची बंदरे, न्यू जर्सीत बार्नेगट बे आणि रॅरिटन बे, ऱ्होड आयलंडात नॅरागॅन्सेट बे ही जुनी ठिकाणे. पाण्याचे मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळे गणित. साउंडच्या पश्चिम टोकाला भरती-ओहोटीत २ मीटरहून जास्त फरक पडतो, तर ग्रेट साउथ बेच्या आत तो बराचसा फूटभरच असतो. पहिल्या ठिकाणी भरती चढत असतानाचे शेवटचे दोन तास साधावे लागतात. ओहोटीला तिथे चिखल दिसू लागतो. दुसऱ्या ठिकाणी घड्याळापेक्षा वारा आणि उजेड पाहावा. पहाट आणि संध्याकाळ सगळीकडेच चांगली.

स्नॅपर आले आहेत हे पाणीच सांगते. शांत पाण्यावर अचानक बारीक चांदीचा सडा उसळतो. खालून हल्ला झाल्यावर सिल्व्हरसाइड जीव घेऊन हवेत उड्या मारतात. वर सुरय पक्षी घिरट्या घालून सूर मारू लागतात. गरवणाऱ्याने तिकडे धावत जाऊ नये. थवा काठाकाठाने फिरत असतो, थोडा दम धरला तर आपल्या पायाशी येतो.

जुनी पद्धत बांबूच्या काठीची. १०-१२ फुटांचा सडसडीत वेत किंवा बांबू, टोकाला साधारण तेवढाच लांब तंगूस (गळाची दोरी), त्यावर लाल-पांढरा तरंगता गोळा आणि त्याखाली दोनेक फुटांवर लांब दांडीचा बारीक गळ. चरखी नाही, फेकाफेक नाही. दांडी लांब असण्याला कारण आहे : माशाने गळ आत घेतला तरी त्याचे दात तंगूसापर्यंत पोचत नाहीत. मोठ्या ब्लूफिशसाठी तारेचा तुकडा लावावा लागतो, स्नॅपरला लांब दांडी पुरते. आमिष म्हणून स्पिअरिंग, म्हणजे तोच सिल्व्हरसाइड. आमिषाच्या दुकानात तो गोठवलेल्या पाकिटांत मिळतो. डोळ्यांतून किंवा तोंडातून गळ ओवून तो सरळ राहील असा लावतात. वाकडा लागला तर पाण्यात भिरभिरतो. गोळा बुडाला की काठी नुसती वर उचलायची. जोराने हिसका देणाऱ्याच्या हाती बहुधा अर्धे खाल्लेले आमिष येते.

नंतर हलकी काठी आणि चरखी आली तेव्हा ‘स्नॅपर पॉपर’ नावाचा आवाज करणारा गोळाही आला. ओढला की तो पाण्यावर डुबुक डुबुक करतो, आणि कुणीतरी खातो आहे असे समजून स्नॅपर मागून येणाऱ्या गळावर झेपावतो. आमिष न लावता ७ ते १० ग्रॅमचा चकचकीत धातूचा चमचा फेकून झटक्याझटक्याने ओढला तरी काम भागते. दोन्ही साधने चांगली आहेत. पण मुलाला पहिल्यांदा न्यायचे असेल तर बांबूच बरा, कारण चरखीत गुंतलेला तंगूस सोडवण्यात त्याचा सगळा दिवस जात नाही आणि नजर पाण्यावर राहते. ऑगस्टच्या शेवटी मुलांसाठी स्नॅपर पकडण्याच्या स्पर्धा भरवण्याची प्रथा या किनाऱ्यावर बरीच रुजलेली आहे.

गळ काढताना बोटे तोंडापासून लांब ठेवावीत. डोक्यामागे घट्ट धरून चिमट्याने गळ काढणे उत्तम. सोडायच्या माशासाठी गळाचा काटा आधीच चेपून ठेवला तर त्याला इजा कमी होते. ठेवायचा मासा मात्र क्षणभरही उन्हात पडता कामा नये. ब्लूफिशचे मांस बांगड्यासारखे तेलकट आणि गडद. गरम हवेत त्यात हिस्टमीन तयार होते. खाणाऱ्याचे अंग लाल होते, खाज सुटते, आणि शिजवल्याने हे विष जात नाही. बर्फाची पेटी सोबत नसेल तर मासा घरी नेऊ नये.

बर्फात नीट राखलेल्या स्नॅपरची चव मोठ्या ब्लूफिशपेक्षा कितीतरी सौम्य असते. डोके आणि आतडी काढून, खवले खरवडून, पीठ लावून तो अख्खा तळायचा ही तिकडची रीत. न्यू जर्सीतल्या एडिसन आणि आसपासच्या मराठी घरांपासून रॅरिटन बे जवळच आहे. आगळ, हळद, तिखट आणि मीठ लावून रव्यात घोळवलेला स्नॅपर तव्यावर तळला तर बांगड्याची आठवण येईल. कोकणात नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात उतरतात तेव्हाच स्नॅपरचाही हंगाम भरात येतो, हा योगायोग समुद्राकाठच्या माणसाला सुखावणारा आहे. गोठवून ठेवला तर मात्र मांस मऊ पडते. त्याच दिवशी संपेल इतकेच न्यावेत.

ब्लूफिशची संख्या नेहमीच वरखाली होत आली आहे. मॅसॅच्युसेट्सच्या नँटकेट बेटाभोवती विपुल असलेला हा मासा १७६४ च्या सुमारास दिसेनासा झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा परतला. १८७१ मध्ये अमेरिकी मत्स्य आयोग स्थापन झाला तो दक्षिण न्यू इंग्लंडची मासळी का घटली हे शोधण्यासाठी. आयोगाचे पहिले आयुक्त स्पेन्सर बेअर्ड यांनी जी कारणे मांडली त्यांत माणसाच्या जाळ्यांबरोबर ब्लूफिशची भूकही होती. २०१९ च्या मूल्यमापनात समुद्रातला ब्लूफिशचा साठा प्रमाणाबाहेर घटल्याचे आढळले आणि २०२० पासून हौशी गरवणाऱ्याची मर्यादा दिवसाला ३ मासे झाली. त्याआधी ती १५ होती. घरच्या पोरांना घेऊन बादलीभर स्नॅपर आणणाऱ्या कुटुंबांना हा बदल जड गेला, आणि ते समजण्यासारखे आहे. पण स्नॅपर म्हणजे एकदाही न व्यालेला मासा. मासा दुसऱ्या वर्षाच्या सुमारास वयात येतो, वाचला तर १२ वर्षांपर्यंत जगतो. काठावरच्या हजारो बादल्या एकत्र धरल्या तर त्याचा भार साठ्यावर पडतोच. ही मर्यादा पुढेही बदलत राहते, राज्याराज्यांत लहान माशांबद्दलचे नियम वेगळे असतात. काठी उचलण्यापूर्वी त्या वर्षीचा नियम पाहून घ्यावा. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत १६ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तीला खाऱ्या पाण्यात गरवण्यासाठी नाव नोंदवावे लागते, ते विनामूल्य आहे. कनेटिकटात परवाना घ्यावा लागतो.

मोठ्या ब्लूफिशच्या चरबीत पीसीबी हे औद्योगिक रसायन आणि मांसात पारा साठतो, म्हणून गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांनी तो टाळावा असा सल्ला या राज्यांचे आरोग्य विभाग देतात. काही महिन्यांच्या स्नॅपरला हे साठवायला तितका वेळच मिळालेला नसतो, तरी ज्या खाडीतून तो काढला तिच्याबद्दलची सूचना वाचावी.

सप्टेंबरच्या शेवटी वायव्येचा गार वारा सुटतो आणि पाणी १५ अंश सेल्सिअसकडे उतरू लागते. स्नॅपर आधी खाडीच्या मुखाशी जमतात, मग किनाऱ्याने दक्षिणेकडे निघतात. शेवटच्या आठवड्यात लागणारे मासे हंगामातले सर्वांत मोठे असतात.