ड्रायरचा टेम्परेचर सेन्सर बिघडणे

कपडे वाळवायच्या ड्रायरमधली हवा किती तापलीये हे कंट्रोल बोर्डला सांगणारा छोटासा पार्ट म्हणजे टेम्परेचर सेन्सर. आताच्या मशीनमध्ये तो बहुतेक वेळा थर्मिस्टर असतो आणि ड्रममधून हवा बाहेर जाते त्या वाटेवर, ब्लोअरच्या म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या आसपास बसवलेला असतो. जुन्या मशीनमध्ये त्याजागी थर्मोस्टॅट असायचा, ठरलेल्या तापमानाला नुसता चालू-बंद होणारा.

थर्मिस्टर तापला की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, कमी होतो. बऱ्याच मॉडेलमध्ये 25 अंश सेल्सिअसला तो 10 किलोओहम असतो, पण सगळीकडे नाही, त्यामुळे आपल्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस शीटमध्ये बघायचा. गंमत म्हणजे आतली तार तुटली तर रेझिस्टन्स अफाट दिसतो आणि बोर्डला वाटतं हवा बर्फासारखी गार आहे, उलट शॉर्ट झाला तर वाटतं आत भट्टी पेटलीये, मग हीटर लागतच नाही. नव्या मशीन असं काही दिसलं की एरर कोड दाखवून थांबतात. खरा त्रास अर्धवट बिघडलेल्या सेन्सरचा, कोड येत नाही पण कपडे एकतर दमट राहतात नाहीतर करपायला येतात.

तरी लगेच सेन्सर मागवू नये. हीच लक्षणं लिंट फिल्टर (कपड्यांचे सुटलेले तंतू, म्हणजे लिंट, अडवणारी जाळी) किंवा बाहेरचा पाइप तुंबला तरी येतात, आणि तेच जास्त वेळा निघतं, हवा पुढे सरकत नाही म्हणून हीटर सारखा बंद पडतो आणि आळ बिचाऱ्या सेन्सरवर. ऑटो सायकल कपडे ओले असतानाच संपत असेल तर ड्रममधल्या त्या दोन धातूच्या पट्ट्या आधी पुसा, तो ओलाव्याचा सेन्सर आहे, तापमानाचा नाही, त्यावर सॉफ्टनरचा थर बसतो.

हे सगळं ठीक असेल तर मल्टिमीटर काढा. प्लग काढायचा, म्हणजे नुसतं बटण बंद करून भागत नाही, सेन्सरच्या दोन्ही वायर सोडवायच्या आणि ओहममध्ये रीडिंग घ्यायचं. मग सेन्सर मुठीत धरा, चांगला असेल तर आकडा हळूहळू खाली सरकायला लागतो, हेअर ड्रायरने अजून गरम केला तर झपझप उतरतो आणि गार होताना परत वर चढतो. आकडा हललाच नाही, मध्येच उड्या मारायला लागला किंवा शीटपेक्षा खूपच वेगळा आला तर पार्ट गेला समजा. रीडिंग बरोबर येऊनही कोड जात नसेल तर बोर्डाकडच्या कनेक्टरवरून, त्याच वायरमधून पुन्हा मोजा, मशीन थरथरून पिन सैल झालेली किंवा वायर कुठेतरी घासून तुटलेली असू शकते. बोर्डावर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा, तो महागही असतो.

सेन्सरच्या शेजारी बहुतेक वेळा थर्मल फ्यूज असतो, म्हणजे मशीन फार तापलं की वीज तोडणारा पार्ट, तो एकदाच उडतो आणि बदलावाच लागतो. तो बायपास करून मशीन अजिबात चालवू नका, आत लिंट असतो, सरळ आग लागू शकते. आणि उडालाच असेल तर हवा कुठे अडली ते शोधल्याशिवाय नवा टाकू नका, नाहीतर तोही जाईल.