खुरपणाऱ्या हाताची पावले

वैशाखात परभणीला सकाळी आठ वाजताच ऊन अंगाला टोचू लागते, त्यामुळे ज्याला फिरायला जायचे आहे तो पहाटेच घराबाहेर पडतो. छत्रपती संभाजीनगरच्या गोगाबाबा टेकडीवर चढणाऱ्यांच्या मनगटावरही आता काळ्या काचेची घड्याळे दिसतात आणि त्यांतल्या बहुतेकांच्या नजरेपुढे एकच आकडा असतो, दहा हजार पावलांचा. व्यायामाचे ॲप कसे घडवावे याचा विचार या आकड्यापासूनच सुरू करणे योग्य ठरेल, कारण तो वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची हौस वाढली आणि १९६५ मध्ये तिथे पावले मोजणारे एक यंत्र विक्रीला आले. त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ अशा अर्थाचे होते. तेव्हापासून हा आकडा जगभर रूढ झाला. २०१९ मध्ये सोळा हजारांहून अधिक वयस्क अमेरिकन महिलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांचे मृत्युप्रमाण स्पष्टपणे कमी दिसले, तर ७,५००च्या आसपास हा फायदा स्थिरावला. म्हणून ॲपने पहिल्याच दिवशी दहा हजारांचे लक्ष्य पुढे करू नये. आठवडाभर त्या व्यक्तीचे चालणे निमूटपणे मोजावे आणि मग तिच्या सरासरीत चार-पाचशे पावलांची भर सुचवावी, असे मला वाटते.

पण पाऊल मोजले जाते म्हणजे नेमके काय होते? फोनच्या आणि घड्याळाच्या पोटात त्वरणमापक नावाची एक चिप असते. तिच्यात सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा लवचीक पट्ट्यांवर तोललेला असतो. शरीराला हिसका बसला की तो किंचित सरकतो आणि त्याच्या सरकण्याने विद्युत धारकतेत, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेत, होणारा बदल तीन दिशांनी नोंदला जातो. माणूस सहज चालत असेल तर सेकंदाला साधारण दोन पावले पडतात. संगणकीय प्रणाली त्या लयीची शिखरे शोधते. दुचाकीवर खडबडीत रस्त्याने जाताना, टाळ्या वाजवताना किंवा भाकरी थापतानाही हात हलतोच. अशी खोटी पावले मोजली जाऊ नयेत म्हणून अनेक प्रणाली सलग काही पावले पडल्याशिवाय मोजणीच सुरू करत नाहीत. खबरदारी म्हणून हे ठीकच आहे, पण तिची किंमत कोण मोजते तेही पाहिले पाहिजे. चुलीपासून अंगणापर्यंत सहा पावले, अंगणातून गोठ्यापर्यंत आठ, परत येताना हातात घागर, अशा तुकड्यातुकड्यांनी दिवसभर राबणाऱ्या बाईचे चालणे या चाळणीतून गळून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची शिफारस केली आहे. पूर्वी हे श्रम सलग किमान दहा मिनिटांचे असावेत अशी अट होती. २०२० मध्ये ती काढून टाकण्यात आली. मार्गदर्शक तत्त्वांनी जे तुकडे जमेस धरले, ते यंत्राने वगळावेत हे बरोबर नाही.

शेतातल्या कामात ही अडचण आणखी ठळक होते. खुरपणी करणारी बाई उकिडवी बसून, इंच इंच पुढे सरकत पात उरकते. खुरपे बहुधा उजव्या हातात असते आणि घड्याळ बांधलेच तर डाव्या. घड्याळाच्या दृष्टीने ती तासन्‌तास बसून आहे, म्हणून मध्येच ते थरथरते आणि ‘बराच वेळ बसून आहात, आता उठा’ असा संदेश दाखवते. कापूस वेचताना दोन्ही हात चालतात, कंबर वाकलेली असते, ओटी भरत जाते, तरी पावले मात्र शंभरभरही भरत नाहीत. बहुतेक ॲपमधल्या व्यायामांच्या यादीत पोहणे असते, टेनिस असते, योगासने असतात. मराठवाड्यासाठी ॲप करायचे तर त्या यादीत खुरपणी, वेचणी, दारे धरणे आणि ऊसतोडणी ही नावे असलीच पाहिजेत आणि ती एका स्पर्शात निवडता आली पाहिजेत. यामागचे गणित अवघड नाही. स्वस्थ बसलेल्या शरीराच्या ऊर्जाखर्चाला एक ‘मेट’ म्हणतात आणि तो एका किलो वजनामागे तासाला साधारण एक किलोकॅलरी भरतो. एखाद्या कामाची तीव्रता ४ मेट धरली, तर ५० किलो वजनाच्या बाईने तीन तास ते काम केल्यावर सुमारे ६०० किलोकॅलरी खर्च होतात. इतके राबलेल्या शरीराला संध्याकाळी आणखी दोन हजार पावले चालायला सांगणे अन्यायाचे आहे. तिला पाठीचे दोन ताण आणि पाणी सुचवावे.

घड्याळाच्या मागे लुकलुकणारा हिरवा दिवा नाडीचे ठोके मोजतो. रक्तातले हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषते. ठोक्यागणिक त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांमधले रक्त वाढते आणि ओसरते, त्यानुसार परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो आणि तो चढउतार संवेदक टिपतो. पट्टा सैल असला, हात जोरात हलत असला किंवा त्वचेवर गडद गोंदण असले, तर हे मापन चुकते. आपल्याकडे अनेक आजींच्या मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण आहे आणि बांगड्यांमुळे घड्याळ जागेवर टिकत नाही. पाश्चात्त्य प्रयोगशाळेत या दोन्ही गोष्टी सहसा समोर आलेल्या नसतात. अशा वेळी ॲपने अंदाजाने आकडा दाखवू नये. ‘आत्ता ठोके नीट मोजता येत नाहीत, घड्याळ बांगड्यांच्या वर, मनगटाच्या हाडापासून दोन बोटे अंतरावर घट्ट बांधा’ असे स्पष्ट सांगावे.

ठोक्यांवरून व्यायामाचे टप्पे ठरवण्यासाठी २२० उणे वय हे सूत्र सर्रास वापरले जाते. २००१ मध्ये सुचवले गेलेले दुसरे सूत्र २०८ उणे वयाच्या ०.७ पट असे आहे. साठ वर्षांच्या माणसासाठी पहिले १६० सांगते आणि दुसरे १६६. शिवाय प्रत्यक्ष माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर ठोके मुळातच चढत नाहीत आणि ही सगळी सूत्रे निरुपयोगी होतात. म्हणून सुरुवातीलाच औषधांविषयी एक साधा प्रश्न विचारावा आणि रंगीत टप्प्यांच्या जागी जुनी कसोटी द्यावी: चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत दम लागला की श्रम मध्यम.

कॅलरीच्या आकड्याबाबत तर अधिकच संयम हवा. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणे साठ जणांवर तपासली. त्यांपैकी सहा उपकरणांची ठोक्यांमधली चूक पाच टक्क्यांच्या आत होती, पण ऊर्जाखर्चात सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले. असे असताना पडद्यावर ‘२१३’ असा नेमका आकडा लिहिणे ही दिशाभूल आहे. ‘सुमारे २००’ पुरेसे आहे.

आता पडद्याकडे वळू. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ३,००० मीटर स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला. अशा धावपटूला प्रत्येक फेरीचा बारकावा लागतो. मधुमेहासाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलेल्या निवृत्त गुरुजींना चालता चालता, चष्म्याविना, एका नजरेत एकच गोष्ट वाचायची असते. दोघांसाठी एकच गर्दीचा पडदा करू नये. बोटाने सहज दाबता यावे यासाठी बटण साधारण नऊ मिलिमीटरचे लागते, म्हणजे घड्याळाच्या एवढ्याशा तबकडीवर तीन-चारांहून अधिक बटणे मावतच नाहीत. घामाने ओल्या काचेला स्पर्श नीट कळत नाही, म्हणून थांबा आणि पुन्हा सुरू या आज्ञा कडेच्या दाबायच्या बटणावर असाव्यात. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार यांसाठी जास्त उंची लागते. इंग्रजीसाठी आखलेल्या ओळीत मराठी कोंबली की मात्रा छाटल्या जातात. मराठीतल्या ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत आणि फॉन्ट नीट नसेल तर ‘खुरपणाऱ्या’ या शब्दातला ‘ऱ्या’ मोडतो. हे किरकोळ वाटेल, पण ज्या पडद्यावर आपली भाषा मोडकी दिसते त्याच्या सल्ल्यावर माणूस विश्वास कसा ठेवणार?

ॲपने चालण्याची आठवण कधी करून द्यावी, हाही विज्ञानाचाच प्रश्न आहे. हवा बेचाळीस अंशांवर गेली की ती त्वचेपेक्षा उष्ण असते, शरीर हवेत उष्णता सोडू शकत नाही आणि घामाचे बाष्पीभवन हाच एक मार्ग उरतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते, पण तेवढे पाणी परत प्यावे लागते. मे महिन्यात दुपारी तीनला ‘चला, चालू या’ असा संदेश येणे धोक्याचे आहे. रमजानचे रोजे असोत की एकादशी, उपवासाचे दिवस वापरणाऱ्याला आधी सांगून ठेवता यावेत आणि ॲप मोजत असलेली सलग दिवसांच्या व्यायामाची साखळी त्या दिवसांमुळे तुटू नये. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेलेला माणूस परतल्यावर आठवडाभर विसावला, तर त्याला ‘कामगिरी घसरली’ असे सांगू नये.

तांड्यावर आणि वाडीवर नेटवर्क सदैव नसते, म्हणून नोंदी फोनमध्येच साठाव्यात आणि जोडणी मिळेल तेव्हाच पुढे जाव्यात. किंबहुना त्या पुढे जाव्यात की नाही हे माणसाने ठरवावे. २०१८ मध्ये एका लोकप्रिय ॲपच्या जागतिक नकाशावर धावणाऱ्यांच्या वाटांवरून लष्करी तळांची ठिकाणे उघड झाली होती. पहाटे एकटीने फिरायला जाणाऱ्या मुलीची रोजची वाट आणि वेळ तितकीच जपण्याजोगी आहे. तिच्या फेरीचा घराजवळचा पहिला आणि शेवटचा टप्पा मुळातच झाकलेला असावा, त्यासाठी तिला खोलवरच्या सेटिंगमध्ये शोधत बसावे लागू नये.

शेवटी हे सारे तपासायचे ते वातानुकूलित खोलीत नव्हे, तर धुऱ्यावर बसून. पाच-सहा जणांना घड्याळ बांधायला द्यावे, काहीही न शिकवता त्यांच्या शेजारी थांबावे आणि ते कुठे अडखळतात ते लिहून घ्यावे. त्यांत एक तरी बाई अशी असावी, जिच्या हातात बांगड्या आहेत, फोन घरी राहिला आहे आणि न्याहारीपर्यंत जिच्या दोन पाती खुरपून झाल्या आहेत.