बेरोजगारीच्या आकड्यात न मावलेली टाळेबंदी

25 मार्च 2020 ला कोरोनामुळे देशभर टाळेबंदी लागली आणि पुण्यातल्या आयटी कंपन्यांचं काम घरी गेलं. कचरा मात्र दारोदार साचतच होता. कोथरूड असो की हडपसर, तो उचलायला कचरावेचक बायका रोज येत राहिल्या. त्यांचं काम अत्यावश्यक सेवेत मोडत होतं. सुरुवातीच्या प्रयोगांत हा विषाणू प्लास्टिकवर 72 तासांपर्यंत तग धरताना आढळला होता, आणि त्यांचे हात दिवसभर प्लास्टिकमध्येच.

त्यांची कमाई दोन वाटांनी येते. एक, दर घरामागे महिन्याची फी. दुसरी, सुक्या कचऱ्यातलं भंगार. पांढरा कागद, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्रा हे सारं निवडून वेगळं करायचं आणि किलोवर विकायचं. प्रत्येकाचा भाव निराळा. टाळेबंदीत भंगाराची दुकानं बंद झाली, ऑफिसं आणि हॉटेलंही. माल कमी, जो हाती लागला तो घ्यायलाही कोणी नाही. कष्ट मात्र कमी झाले नाहीत.

आता सरकारी आकडे पाहा. केंद्राच्या श्रमबल पाहणीनुसार शहरी बेरोजगारी जानेवारी ते मार्च 2020 मध्ये सुमारे 9 टक्के होती, पुढच्या तिमाहीत ती 21 टक्क्यांच्या आसपास गेली. आकडा भयंकर आहेच. पण या बायका त्यात नाहीत! आठवड्यात एखाद्या दिवशी तासभर जरी काम केलं, तरी ही पाहणी त्या व्यक्तीला रोजगारात धरते. घरी बसून नोकरी शोधणं ज्याला परवडत नाही, तो मिळेल ते करतो आणि बेरोजगारांच्या यादीतून सुटतो. म्हणून असंघटित क्षेत्रावरचा घाव या टक्केवारीत पुरता दिसत नाही. काम किती तास मिळालं आणि हातात किती पडलं, हे सोबत पाहावंच लागतं.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या 17 उद्दिष्टांत आठवं सन्मानाच्या कामाचं आहे, बारावं वस्तूंच्या जबाबदार वापराचं. पुण्यात ही दोन्ही एकाच बाईच्या हातांवर उभी आहेत. तिनं वेगळा केलेला प्रत्येक किलो फुरसुंगी-उरुळीच्या डेपोवर जाण्यापासून वाचतो. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं 2008 मध्ये महापालिकेशी करार केला, त्यामुळे घरोघरच्या फीला अधिकृत आधार मिळाला. ही फी भंगाराच्या भावावर अवलंबून नसते. बाजार कोसळला की टेकू तेवढाच, म्हणून ती वेळेवर आणि पूर्ण मिळायलाच हवी. आजारपणातल्या पगारी रजेचा टेकू मात्र आजही बहुतेक असंघटित कामगारांना नाही.