लंडनच्या कालव्यावर होडीत राहायचं आहे? पात्रता, कागदपत्रं आणि १४ दिवसांचा नियम

वेम्बलीकडच्या मराठी मंडळींना अल्पर्टनचा ईलिंग रोडवरचा पूल अनोळखी नाही. पुलावरून बसगाड्यांची ये-जा आणि खालून ग्रँड युनियन कालव्याची पॅडिंग्टन शाखा. १८०१ साली मालवाहतुकीसाठी खुल्या झालेल्या याच पाण्यात आज राहत्या नॅरोबोटी, म्हणजे लांब, अरुंद होड्या दिसतात. सेन्सबरीज सुपरमार्केट काठालाच असल्यामुळे सामान भरायलाही जागा सोयीची. घरभाड्याने टेकीला आलेली आपली मुलं त्या बघतात आणि विचारतात, "होडी घेतली तर इथेच राहता येईल का?"

होडीत राहता येतं. "इथेच" मात्र नाही, आणि होडी विकत घेण्याआधी हे नीट समजून घ्या.

इंग्लंड-वेल्समधल्या बहुतेक कालव्यांचा कारभार २०१२ पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या संस्थेकडे आहे. परवाना तिथूनच मिळतो, अर्ज ऑनलाइन होतो. १९९५च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यातलं कलम १७ तीनच गोष्टी मागतं: होडीचा विमा, सुरक्षा प्रमाणपत्र आणि होडी कुठे ठेवणार याचं उत्तर. स्वतःची होडी चालवायला ड्रायव्हिंग लायसन्ससारखं काही लागत नाही.

विमा थर्ड पार्टी आणि किमान २० लाख पाउंडांचा हवा. सुरक्षा प्रमाणपत्र चार वर्षं चालतं. परीक्षक होडीवर येऊन गॅस, इंधन, वायरिंग, हवा खेळती राहण्याची सोय असं सगळं तपासतो. केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लागतो. लाकूड-कोळशाच्या शेगडीच्या उबेला झोपणाऱ्याने तो नियम म्हणून नव्हे, जिवासाठी लावावा. जुनी होडी घेत असाल तर प्रमाणपत्राची मुदत कधी संपते ते सौद्याआधीच बघा. अर्जात होडीचं नाव, नोंदणी क्रमांक, लांबी आणि रुंदी भरायची असते. शुल्क त्या मापांवर ठरतं.

खरी अडचण तिसऱ्या प्रश्नात आहे. ज्यांच्याकडे भाड्याची कायमची जागा आहे, त्यांनी तिचा तपशील द्यायचा. पण त्या जागेला निवासी परवानगी आहे का, हे आधी विचारा. अनेक जागा फक्त होडी ठेवण्यापुरत्या असतात. जागा नसेल तर 'सतत फिरती होडी' म्हणून अर्ज करता येतो. अशा होड्यांना १ एप्रिल २०२४ पासून जादा शुल्क लागतं. शिवाय एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. फलकावर याहून कमी मुदत लिहिली असेल तर ती पाळायची.

इथे "ठिकाण" म्हणजे तो परिसर. होडी पुलाच्या या बाजूची त्या बाजूला नेली म्हणजे ती हलली असं होत नाही. ट्रस्टच्या मार्गदर्शनानुसार परवान्याच्या काळात फिरण्याचा पल्ला १५ ते २० मैलांपेक्षा कमी असेल, तर खरा प्रवास झाला हे पटवणं फार अवघड. अख्खी पॅडिंग्टन शाखाच साधारण साडेतेरा मैलांची. म्हणजे अल्पर्टन ते पॅडिंग्टन अशा खेपा घालून वर्ष काढता येणार नाही. नोकरी आणि मुलांची शाळा एकाच भागात असेल तर हा मार्ग निवडू नका, असं मी कळकळीने सांगेन.

आजारपण, इंजिनातला बिघाड, बाळंतपण, गोठलेला कालवा, अशा कारणांनी मुक्काम वाढवून मिळू शकतो. त्यासाठी १४ दिवस संपायच्या आत कळवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी किंवा मेकॅनिकचं बिल जपून ठेवा. अपंगत्व असेल तर २०१०च्या समानता कायद्याखाली सवलत मागता येते.

ट्रस्टचे कर्मचारी काठाने चालत होड्यांचे क्रमांक टिपतात. परवाना आणि क्रमांक होडीच्या दोन्ही बाजूंना दिसायला हवेत. परवाना नसलेली होडी २८ दिवसांची नोटीस देऊन हटवण्याचा अधिकार १९८३च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याने ट्रस्टला दिलेला आहे.

तुम्हीही स्वतःची नोंद ठेवा. कालव्यावरच्या पुलांना क्रमांक असतात आणि बऱ्याच पुलांच्या कमानीवर ती पाटी लावलेली असते. नव्या जागी दोर बांधला की जवळच्या पुलाच्या पाटीसकट होडीचा फोटो काढा. तारीख फोनमध्ये आपोआप राहते. पुढे कधी पत्र आलंच, तर तुमचं म्हणणं मांडायला हे फोटो कामी येतात.