मोठ्या जनावरांच्या शिकारीची रायफल-गोळी

गवा, हत्ती, आफ्रिकेतली केप म्हैस अशा जाड कातडीच्या आणि हाडापेराने दणकट जनावरांसाठी निवडली जाणारी रायफलीची गोळी. हरणाला पुरते ती गोळी गव्याला पुरेलच असे नाही. पूर्ण वाढलेला नर गवा वजनाने १,००० किलोपर्यंत जातो आणि त्याचे हृदय व फुप्फुसे फऱ्याच्या हाडांआड असतात. तिथवर गोळी सरळ आणि फारशी न फुटता पोचली पाहिजे, ही निवडीची पहिली कसोटी. बोर, म्हणजे नळीचा आतला व्यास, केवढा, वेग किती, हे प्रश्न त्यानंतरचे. शिकारीच्या गप्पांत मात्र हा क्रम बहुधा उलटा झालेला आढळतो.

गोळीचे वजन पौंडांत घेऊन त्याला इंचांतल्या व्यासाच्या वर्गाने भागले की येणाऱ्या आकड्याला छेदघनता म्हणता येईल. तो जितका मोठा तितकी गोळी खोल जाते, अर्थात ती आपला आकार टिकवून राहिली तर. .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम (१९१२) या काडतुसाच्या ३०० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप; ७,००० ग्रेनचा एक पौंड) गोळीची छेदघनता ०.३०५ आहे. ७ मिलिमीटरच्या १७३ ग्रेनच्या सडपातळ गोळीचीही जवळपास तेवढीच भरते. स्कॉटिश शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल याने आफ्रिकेत अशाच लहान बोरच्या रायफलीने शेकडो हत्ती मारले, त्याचे गमक इथे आहे. बेलचे उदाहरण देऊन लहान बोरची तरफदारी करणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात: हत्तीची कवटी कापून मेंदू नेमका कुठे असतो हे त्याने आधी पाहून ठेवले होते. नेम चुकला तर लहान गोळी काहीच सांभाळून घेत नाही.

खरा फरक पडतो तो बांधणीने. साध्या मऊ टोकाच्या गोळीत शिशाचा गाभा आणि त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे पातळ कवच असते. टोकाला शिसे उघडे राहते. अंगात शिरताच हे टोक कुत्र्याच्या छत्रीसारखे फुलते आणि जखम रुंद होते. सांबराला हे ठीक. पण गव्याच्या फऱ्याच्या हाडावर तीच गोळी, विशेषतः जवळून आणि भरधाव आदळली, तर कवच सुटते, शिशाच्या चिंध्या होतात आणि वर्माला काहीच लागत नाही. जनावर जखमी होऊन झाडीत शिरते, आणि पुढचा धोका पाठलाग करणाऱ्याच्या वाट्याला येतो. याच्या उलट टोकाला ‘सॉलिड’, म्हणजे पूर्ण कवचबंद किंवा एकसंध धातूची गोळी. ती फुलत नाही, हाड फोडून पार जाते. कळपावर ती झाडणे मात्र बेजबाबदारपणाच, कारण आरपार गेलेली गोळी मागच्या जनावरालाही लागू शकते. गोल टोकापेक्षा चपट्या टोकाची सॉलिड अंगात अधिक सरळ जाते, असा अनुभव आहे.

या दोहोंमधली वाट अमेरिकेतल्या जॉन नोस्लरने काढली. मूस या थोराड हरणावर गोळ्या निकामी ठरल्यावर त्याने गोळीच्या मधोमध धातूचा पडदा ठेवला. पुढचा भाग फुलतो, मागचा अखंड राहून आत घुसत जातो. ही ‘पार्टिशन’ गोळी १९४८पासून विक्रीत आहे. पुढे शिसे कवचाला सांधलेल्या गोळ्या आल्या, नंतर निव्वळ तांब्याच्या. तांब्याच्या गोळीचे वजन जवळपास सगळे टिकते. शिवाय मेलेल्या जनावरांवर जगणाऱ्या पक्ष्यांना शिशाची बाधा होत नाही. कॅलिफोर्नियाने २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी केली ती कॉन्डर गिधाडांच्या काळजीपोटीही. (भारतातल्या गिधाडांचा घात शिशाने नव्हे, गुरांना दिल्या गेलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने केला.)

या इतिहासात भारताचा हात दोनदा लागला. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात फुलणारी लष्करी गोळी बनली. अशा गोळ्यांना १८९९च्या हेग घोषणेने युद्धात मनाई केली. शिकारीत मात्र हीच गोळी जनावर लवकर मरते म्हणून चांगली मानतात. दुसरा प्रसंग १९०७चा. बंडखोरांच्या हाती असलेल्या, याच बोरच्या जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलींना दारूगोळा मिळू नये म्हणून ब्रिटिश सरकारने भारतात .४५० इंचाचा बोर बंद केला. बंदुकवाल्यांनी लगेच .४६५, .४७०, .४७५ अशी किंचित जाड काडतुसे काढली. त्यांतले .४७० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस ५०० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ६५५ मीटर वेगाने फेकते. आज जगभर मिरवणारा हा बोर मुळात सरकारी हुकमाला दिलेली बगल आहे.

मुंबईत या विषयाचा सांधा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशी जुळतो. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ मुंबईकरांनी ती स्थापली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन होते. आरंभीच्या सभासदांत शिकारी बरेच, आणि १८८६पासूनच्या नियतकालिकात त्यांच्या नोंदीही येत. १९११मध्ये संस्थेने सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. शिकाऱ्याला गोळी वर्मी बसण्याशी मतलब; पाहणीच्या संग्रहासाठी मात्र कातडे फाटता कामा नये आणि जात ओळखायला कवटी शाबूत हवी.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गवा अनुसूची १मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे आणि हौशी शिकार आता बंद आहे. माणसाच्या जिवावर उठलेल्या, किंवा अनुसूची १मध्ये नसलेल्या पण पीक नासणाऱ्या जनावराबाबत कलम ११खाली लेखी परवानगी मिळू शकते. मुंबईत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास बिबट्या वस्तीत शिरला की पथक आणते ती डार्टची, म्हणजे गुंगीच्या औषधाची सुई मारणारी बंदूक. तिथली निवड अगदी उलटी: वेग कमी, हाड टाळायचे, मांडीच्या किंवा खांद्याच्या मांसल भागात सुई थांबली पाहिजे, आणि सुईची लांबी जनावराच्या कातडीच्या जाडीवरून ठरते.