अधिकार प्रत्यायोजन

एखाद्या पदाधिकाऱ्याने किंवा संस्थेने आपल्याकडचे ठरावीक अधिकार कनिष्ठाकडे अथवा दुसऱ्या संस्थेकडे सोपवणे. सरकारी आदेशांत यालाच 'अधिकार प्रदान करणे' म्हणतात. कचेरीतल्या बोलण्यात सर्रास 'डेलिगेशन'. बातम्यांत भेटणारे डेलिगेशन म्हणजे शिष्टमंडळ, तो विषय वेगळा.

अधिकार सोपवला तरी मूळ धारकाचा हात सुटत नाही. अधिकार सोपवण्याचा आदेश त्याला मागे घेता येतो आणि कामाबद्दल जाबही त्यालाच द्यावा लागतो. ज्याला अधिकार मिळाला त्याने तो आणखी खाली सोपवायचा, तर कायद्यात तशी मुभा हवी.

मग कनिष्ठाने दिलेला निर्णय नेमका कोणाचा? 'रूपचंद विरुद्ध पंजाब राज्य' (1963) या जमीन एकत्रीकरणाच्या खटल्यात सगळे याच प्रश्नावर अडले होते. अपील ऐकण्याचा राज्य शासनाचा अधिकार एका अधिकाऱ्याकडे सोपवलेला होता. त्याने दिलेला आदेश पुढे, अधिकाऱ्यांचे आदेश तपासण्याच्या शासनाच्या वेगळ्या अधिकाराखाली, फिरवण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केले: त्या अधिकाऱ्याने शासनाचाच अधिकार वापरला, म्हणजे आदेशही शासनाचाच; तो अधिकाऱ्याचा समजून शासनाला बदलता येणार नाही. हा निकाल फार मोलाचा आहे, कारण त्यामुळे एकदा मिळालेला न्याय मागच्या दाराने हिरावला जात नाही.

महाराष्ट्रातील शासन निर्णयांच्या शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' ही ओळ असते आणि खाली उपसचिव किंवा कक्ष अधिकाऱ्याची सही. हे मात्र प्रत्यायोजन नव्हे. संविधानाच्या कलम 166 नुसार शासनाचे आदेश राज्यपालांच्या नावानेच निघतात. कार्यनियमांनुसार (शासनाचे कोणते काम कोणी करायचे हे ठरवणारे नियम) निर्णय घेणारा अधिकारी हा शासनाचा अवयव असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1970 मध्ये संजीवी नायडू खटल्यात म्हटले.

विधिमंडळेही नियम करण्याचे काम शासनाकडे देतात, कारण फीची रक्कम, अर्जाचा नमुना असा तपशील कायद्यात बसवणे अवघड असते. तिथेही मर्यादा आहे. दिल्ली लॉज ॲक्ट प्रकरणात (1951) सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी स्वतंत्र मते लिहिली. त्यांतून निघालेले सूत्र असे की, धोरण ठरवण्याचे मूळ काम विधिमंडळाने दुसऱ्यावर सोपवू नये. केंद्र शासन करते त्या नियमांची छाननी लोकसभेची एक समिती 1953 पासून करते.